‘आई-वडिलांकडेच’ मधला च

मागच्या वैशाखात होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयात पंगतीला बसले होते. शेजारी आईच्या माहेरच्या नात्यातल्या एक मावशी, दहाएक वर्षांनी भेटत होत्या. जिलेबी वाढून गेली, मठ्ठा आला, आणि मावशींनी विचारलं, “आता कुठं असतीस गं?”

“इथंच. सोलापुरात.”

“म्हणजे सासर इथलंच?”

“नाही मावशी. घरीच असते. विजापूर रोडला.”

मावशींचा हात मठ्ठ्याच्या वाटीवर थांबला. “म्हणजे... आई-वडिलांकडेच?”

आणि मग आवाज खाली आणून, “काही झालं का गं?”

काही झालेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. पण त्यांना ते पटलं नाही, कारण काही झाल्याशिवाय बेचाळीस वर्षांची बाई आई-वडिलांकडे असते कशी? माझा मात्र मठ्ठा संपेपर्यंत त्या ‘च’वर जीव अडकला. मराठीत हे एक अक्षर फार राबतं. नुसतं ‘आई-वडिलांकडे’ म्हटलं असतं तर तो पत्ता होता. च लागला आणि त्याचा निकाल झाला.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवते. अकरावीच्या पोरांना पहिल्या महिन्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, की व्यवहार एकच असतो, पण तो कुणाच्या वहीत लिहिताय ते आधी बघा. दुकानदाराच्या वहीत जे येणं, तेच गिऱ्हाइकाच्या वहीत देणं. पोरं मान डोलावतात आणि परीक्षेत उलटं लिहून येतात. मावशींनी काही वेगळं केलं नाही.

आता दुसरी वही सांगते. माझा धाकटा भाऊ पुण्यात, मांजरीला असतो. अकराव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, वीस वर्षांचं कर्ज. आई आणि अप्पा वर्षातून एकदा, फार तर दोनदा त्याच्याकडे जातात. वीस दिवस, कधी पंचवीस. ते गेले की गल्लीत मला जो भेटेल तो विचारतो, “मुलाकडे गेलेत होय? बरं झालं की. आता तिकडंच राहू द्यायचं त्यांना.” वीस दिवसांत मुलगा आई-वडिलांना सांभाळतो हे ठरून जातं. उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस ते मुलीकडे राहतात असं मात्र आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलं नाही. त्या दिवसांत मी त्यांच्याकडे राहते.

भावावर राग नाही. तो हप्त्यात पिचलाय, आणि आई-अप्पा गेले की स्वतः हॉलमध्ये गादी टाकतो. अप्पांनाच तिथं करमत नाही. “खिडकीतनं खाली बघितलं की माणसंच माणसं,” ते म्हणतात, “पण ओळखीचं एक नाही.” मग विसाव्या दिवशी हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट. रात्री मी स्टेशनवर जाते. अप्पा डब्यातून उतरतात ते खिशातली घराची किल्ली चाचपतच. किल्ली माझ्याकडेही आहे, दार मीच उघडते, तरी ती किल्ली त्यांना हाताला लागावी लागते.

घर कागदोपत्री अप्पांचं. मिल चालू होती तेव्हा त्यांनी हाउसिंग सोसायटीत प्लॉट घेऊन ठेवला होता. मिल बंद पडली, फंडाचे पैसे मिळायलाही बराच काळ गेला, आणि मिळाले तेव्हा त्यातून दोन खोल्या उभ्या राहिल्या. वर पत्रे. मे महिन्यात सोलापूरचा पारा चव्वेचाळीसला टेकला की त्या पत्र्याखाली काय होतं ते ज्यांनी भोगलं त्यांनाच माहीत. 2009 मध्ये मी पतसंस्थेचं कर्ज काढून पत्रे उतरवले, स्लॅब टाकला, वर एक खोली चढवली. ती माझी खोली. म्हणजे तीत माझा पलंग आणि पुस्तकं आहेत, शिवाय ज्वारीची कोठी, पाहुण्यांच्या सहा चादरी, दिवाळीचा आकाशकंदील आणि भावाची शाळेतली सायकल. लाइट बिल अजून अप्पांच्या नावानं येतं, भरते मी. नाव बदलून घ्या असं मीही कधी म्हटलं नाही. अप्पा दर महिन्याला ते बिल चष्मा लावून वाचतात, युनिट जास्त आले म्हणून मला बोलतात आणि बिल माझ्या पर्समध्ये ठेवतात.

तर ‘कडे’ हा शब्द उताऱ्यावरच्या नावाला लागतो, मला एवढंच दिसतं. घर बापाच्या नावावर असेल तर पोर बापाकडे. फ्लॅट पोराच्या नावावर असेल तर बाप पोराकडे. रात्री औषधाच्या गोळ्या कोण मोजून देतं, हे कुठल्याच उताऱ्यावर येत नाही.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे, पुण्याचा. बारावीला आम्ही चौदा मैत्रिणी होतो. त्यातल्या अकरा पुण्यात, एक बेंगळुरात, एक लग्न होऊन लातूरला, आणि मी. एखाद्या गावाची पोरं शिकून बाहेर पडतात यात नवल नाही. पण आमच्याकडे ‘पुण्याला असतो’ हे नोकरीचं नाव असल्यासारखं सांगतात. तिथं तो काय करतो हे कुणी पुढं विचारत नाही. आणि इथं जो राहिला तो राहिलाच. माझ्या वर्गात पहिला येणारा मुलगा आज इथं चांगलं मेडिकल दुकान चालवतो, तरी त्याची आई ओळख करून देताना म्हणते, “हा इथंच असतो.” पुन्हा तोच च.

अप्पा एकदा हुतात्मा एक्स्प्रेस सुटताना प्लॅटफॉर्मवर म्हणाले होते, “ज्यांच्या नावाची गाडी, ते चौघंही पुण्याला गेले ते परत आले नाहीत.” मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. बोलून गेल्यावर अप्पांनीच जीभ चावली. भाऊ त्याच गाडीत खिडकीशी बसला होता, पहिल्या नोकरीला निघालेला.

पूर्व भागात मात्र हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात येत नाही. साखर पेठ, अशोक चौक, त्या पलीकडची घरं. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबांची, खाली माग आणि वर घर अशी. माझ्या वर्गात तिकडचा एक मुलगा होता. सकाळी पहिल्या तासाला पेंगायचा. रागावले तर म्हणाला, “मॅडम, रात्री टॉवेलवर होतो.” म्हणजे बापाच्या मागावर रात्रपाळी करून आला होता. एकदा त्याच्या घरी गेले. यंत्रमागाच्या खडखडाटात बोलणं अशक्य, म्हणून आई हातानंच बसा म्हणाली आणि पुन्हा कांड्या भरू लागली. मोठा भाऊ, त्याची बायको, आजोबा, सगळे काही ना काही करत होते. त्या घरात कोण कुणाकडे राहतं? विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता. सगळे मागाकडे राहत होते. ‘एवढा मोठा झाला तरी बापाच्या घरात’ हे वाक्य पगारपत्रक घराबाहेर गेलं तिथून पुढचं आहे, असा माझा आपला अंदाज. मिलनं माणसाला घराबाहेर पगार दिला. त्या आधी पोरगं हाताशी आलं की बाप निश्चिंत व्हायचा.

अर्थात मागावरच्या घरातही मुलीचा हिशेब वेगळाच. तिनं कांड्या भरायच्या त्या जाईपर्यंत.

मुलीसाठी भाषेनं सोय करून ठेवलेली नाही. लग्न झालं की घराचं माहेर होतं. त्यात चार दिवस राहिली तर माहेरपण, लाड, पुरणपोळी. पाचव्या दिवशी शेजारीण विचारते, “कधी निघायचं?” महिना झाला तर माहेरी ‘येऊन राहिली’. मुलीच्या बापाकडे जावई राहिला तर त्याला घरजावई म्हणून हिणवायला शब्द आहे. बाहेर न पडणाऱ्याला घरकोंबडा आहे. पण जी गेलीच नाही तिच्यासाठी शब्द नाही, आणि तिच्या घराला माहेरही म्हणता येत नाही. मला कधी कधी याचा आनंदच होतो. शब्द नाही तर शिवी तरी कशी देणार.

कायद्याला मात्र आमची आठवण होती, आणि ती वाचून मी चाट पडले होते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात 23 वं कलम होतं. वडील मृत्युपत्र न करता गेले आणि राहत्या घरात कुटुंब राहत असेल, तर मुलीला त्या घराची वाटणी मागता येत नसे. भाऊ वाटणी करतील तेव्हाच. राहायचा हक्क होता, पण कुणाला? मुलगी अविवाहित असेल, नवऱ्यानं टाकलेली असेल, नवऱ्यापासून वेगळी राहत असेल किंवा विधवा असेल तर. चार खणांचं कपाटच. 2005 मध्ये ते कलम काढून टाकलं, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आला. महाराष्ट्रानं तर ती दुरुस्ती 1994 मध्येच केली होती, मी अकरा वर्षांची असताना. मावशींनी पंगतीत ‘काही झालं का गं’ विचारलं तेव्हा त्या मला त्याच चारांपैकी कुठल्या खणात ठेवायचं ते बघत होत्या. पहिला खण त्यांच्या ध्यानातच आला नाही, किंवा आला असेल आणि तो पंचविशीपर्यंतच उघडा असतो असा त्यांचा समज असेल.

(लग्न का केलं नाही, हे या लेखात नाही. वीस ते तीस या वयात जी स्थळं आली त्यातल्या एका सद्गृहस्थांनी अप्पांसमोर विचारलं होतं, “लग्नानंतर मुलीचा पगार इकडंच का तिकडं?” अप्पा उठून आत पाणी प्यायला गेले ते बाहेर आलेच नाहीत. एवढं पुरे.)

जानेवारीत गड्डा भरला की मला हमखास एक गोष्ट आठवते. सिद्धेश्वरांची यात्रा म्हणजे सोलापूरची खरी दिवाळी. बाराबंदी घातलेली हजारो माणसं, सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. गाव लोटतं. लग्न कुणाचं? आख्यायिका अशी, की सिद्धरामेश्वरांच्या योगसाधनेच्या जागी रोज सडा-रांगोळी करणाऱ्या एका कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, लग्न करणार नव्हते. तर त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला सांगितलं. त्या लग्नाच्या अक्षता आजही गाव टाकतं. अक्षतांच्या दुसऱ्या दिवशी होम, त्यात कुंभारकन्या अग्नीत प्रवेश करते. मी लहानपणापासून अक्षता टाकत आले. ज्या गावचं दैवतच बिनलग्नाचं, त्या गावात अक्षता टाकताना शेजारची बाई कोपरखळी मारून “तुझ्या कधी?” म्हणते, हे मजेशीर आहे. पण अलीकडं मला त्या मुलीचंच वाटतं. तिच्यापुढं दोनच गोष्टी होत्या, दंड नाहीतर अग्नी. मातीचा गोळा चाकावर ठेवून ती बापाच्या अंगणात म्हातारी झाली, असं सांगणारा कथेकरी निघाला नाही.

बाहेर देशांत हे सगळं दुसऱ्या टोकानं चालतं. इटलीत 2007 मध्ये तिथल्या अर्थमंत्र्यांनी आई-बापांच्या घरात राहणाऱ्या तरुणांना ‘बाम्बोच्योनी’ म्हटलं, म्हणजे मोठाली बाळं, आणि केवढा गदारोळ झाला. जपानमध्ये 1997 मध्ये एका समाजशास्त्रज्ञानं अशा अविवाहितांना सरळ ‘परजीवी’ म्हटलं. अमेरिकेत जुलै 2020 मध्ये 18 ते 29 वयोगटातले 52 टक्के लोक आई-वडिलांबरोबर राहत होते, महामंदीच्या काळापेक्षाही जास्त. तिथं लाज राहण्याची आहे, आणि ती मुलगा-मुलगी दोघांना. आमच्याकडे मुलगा राहिला तर श्रावणबाळ, फक्त सुनेसकट राहिला पाहिजे. सून नसली की श्रावणबाळाचाही भाव पडतो. आमच्या स्टाफरूममधले एक सर, अडतीस वर्षांचे, अविवाहित, आईबरोबर राहतात. डबा उघडला की कुणीतरी म्हणतंच, “काय सर, आईच्या हातचं अजून?” ते हसतात. आठवड्यातून तीन दिवस पहाटे आईला डायलिसिसला सोडून ते कॉलेजला येतात, आणि डबा ते रोज स्वतः करतात.

एकत्र राहणं गोड असतं असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात संध्याकाळी सातपासून टीव्हीवर बातम्यांचा आरडाओरडा असतो, कारण अप्पांना ऐकू कमी येतं आणि मशीन कानात घालणं त्यांना कमीपणाचं वाटतं. वरच्या खोलीचं दार लावून घेतलं की आई पाच मिनिटांत काहीतरी निमित्त काढून येते. कोठीतली ज्वारी हवीच असते. रात्री सव्वानऊला फोन वाजतो. कुठं आहेस, असं आई कधी विचारत नाही. “भाकरी टाकू का?” एवढंच. त्या प्रश्नात कुठं आहेस, कुणाबरोबर आहेस आणि किती वेळ लागेल हे सगळं असतं, आणि चिडावं तर चिडताही येत नाही, भाकरीवर कोण चिडेल? मी कित्येकदा पार्क चौपाटीवर मैत्रिणींबरोबर पोटभर खाऊन झाल्यावर फोनवर “टाक” म्हटलंय आणि घरी येऊन पोटाला तडस लागेस्तोवर जेवलेय.

2016 मध्ये मी वेगळं राहायचा प्रयत्नही करून बघितला. भांडून नव्हे, नुसतं वाटलं म्हणून. जुळे सोलापुरात एक छोटा फ्लॅट बघितला. मालकांनी चहा दिला, नोकरी विचारली, पगार विचारला, सगळं पसंत पडलं. मग विचारलं, “आई-वडील कुठले?” म्हटलं, इथलेच, विजापूर रोड. त्यांनी कप खाली ठेवला. “आई-वडील गावात असताना वेगळं?” आणि मावशींच्याच त्या आवाजात, “काही झालं का?” घरी राहिलं तरी तोच प्रश्न, निघालं तरी तोच. फ्लॅट मिळाला नाही. त्या रात्री भाकरी गरम होती आणि मी ती मुकाट खाल्ली.

फेब्रुवारी 2011 मध्ये जनगणनेचे गुरुजी घरी आले होते. उन्हातून आलेले, म्हणून आईनं आधी तांब्या-भांडं पुढं केलं. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकात जेवणारी माणसं, आणि त्यांचा एक प्रमुख, ज्याला घरातली माणसं प्रमुख मानतात तो. गुरुजींनी विचारलं, “कुटुंबप्रमुख?” आई म्हणाली, “हे.” अप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “तिचं लिहा. घर ती चालवती.” गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी घाईनं “अप्पांचंच लिहा” म्हटलं. का म्हटलं? अप्पांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण अप्पांनी तर आपण होऊन सांगितलं होतं. लाज मला वाटली होती. गुरुजींनी अप्पांचं नाव वर लिहिलं, माझ्यापुढं ‘मुलगी’. 2021 ची जनगणना झालीच नाही, आता 2027 ची येतेय. गुरुजी येतील तेव्हा अप्पा पुन्हा तसं म्हणतील का, ठाऊक नाही. हल्ली ते पेपर वाचता वाचता झोपतात.

आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं. उजनी धरण भरून वाहत असलं तरी. वेळ ठरलेली नाही, पण बहुतेकदा रात्री. हौद भरायचा, हौदातून वरची टाकी, मग बादल्या, पिंप, घागरी. परवा पावणेतीनला अप्पांनी जिन्यातून हाक मारली, “आलं बघ गं पाणी.” मी खाली आले तर ते बनियनवर, हातात बॅटरी, आणि आई नळाखाली पाइप धरून. शेजारच्या काकूही उठल्या होत्या. त्यांच्याकडे लातूरहून पाहुण्या आल्या होत्या, त्याही कुतूहलानं भिंतीपाशी येऊन उभ्या. पाहुण्यांनी माझ्याकडे बघून आईला विचारलं, “ही कोण? सून?”

“लेक आहे,” आई म्हणाली.

“आलीय होय माहेरपणाला?”

आई पाइप सरळ करत थोडं थांबली. तिला काय काय सांगता आलं असतं. आम्ही लेकीकडे असतो, असं तिनं आजवर कधी म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. तसं म्हटलं तर पुण्यातल्या मुलाचं काय, हा पुढचा प्रश्न भिंतीवरून येणार हे तिला माहीत आहे. तो च नुसता मलाच टोचतो असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

“नाही,” ती म्हणाली, “आमच्याकडेच असते.”

मोटारीनं हवा धरली होती, नुसती घूं घूं करत होती. मी झाकण काढलं. अप्पांनी बॅटरी जवळ आणली, आई तांब्या भरून देत गेली, मी ओतत गेले. तिसऱ्या तांब्याला पाण्यानं उचल खाल्ली. अप्पा म्हणाले, “बंद कर, आधी हौद भरू दे,” आणि मी म्हटलं, “असू द्या चालू, पाणी कधी जाईल सांगता येत नाही,” आणि यावरून आमचं पहाटे साडेतीनपर्यंत भांडण चाललं.